विहीर खोदताना क्रेनवाल्याला खालचं ऐकू येत नाही, तर कोणत्या खुणा ठरवाव्या?

आधी खुणा देणारा एकच माणूस नेमा. तो काठावर अशा जागी हवा, की त्याला तळही दिसेल आणि ऑपरेटरही. बकेटीखाली किंवा झुलत्या दोराजवळ नको.

वर घे : कोपरातून हात उभा, तर्जनी आभाळाकडे, मनगटानं लहान गोल.
खाली सोड : हात खाली, बोट जमिनीकडे, तसाच गोल.
थांब : हात बाजूला सरळ, तळवा खाली, आडवा हलवायचा.
एकदम थांब : दोन्ही हातांनी तेच. ही खूण कोणीही केली तरी क्रेन थांबलीच पाहिजे.
हळू : एका हातानं खूण, दुसरा तळवा त्यावर स्थिर.

घोटाळा बहुतेक वेळा "वर"चाच होतो. खालचा माणूस सब्बल (पहार) मागायला नुसता हात वर करतो अन् वरच्याला वाटतं, बकेट उचलायची. म्हणून बोट फिरल्याशिवाय बकेट हलवायची नाही. उचलल्यावर हातभर अधांतरी थांबवा. दगड डगमगत असेल तर तिथंच कळतं. खाली अंधारलं, की खालच्या माणसाच्या हातात पांढरा दुपट्टा द्या, काळ्या पाषाणापुढे नुसता हात दिसत नाही. खूण दिसेनाशी झाली तर ऑपरेटरनं अंदाज बांधू नये, क्रेन थांबवावी.