लोकल मिनिटावर पकडणारी माणसं कार्यक्रमाला तासभर उशिरा का पोचतात?

तुम्ही विचारलंय की मुंबईत नव्याने नोकरीला आलात, ऑफिसातली मंडळी सात-त्रेपन्नच्या गाडीसाठी जीव खाऊन पळतात आणि तीच मंडळी साडेसहाच्या साखरपुड्याला आठ वाजता उगवतात, हे कसं?

मी डोंबिवलीची. मला यात कोडं वाटत नाही. गाडी थांबत नाही, यजमान थांबतो. उशीर कुठे खपतो याचा हिशोब इथल्या माणसाला पक्का ठाऊक असतो. फलाटावर लेडीज डब्याचं दार नेमकं कुठे लागतं तिथे बायका आधीच दबा धरून असतात, कुणाची वेणी तिथेच उभ्या-उभ्या घालून होते. गाडी चार मिनिटं मागे असली तरी सगळ्या डब्याचा जीव खालीवर, कारण आमच्यासारख्या ऑफिसांत तीन लेट मार्क झाले की एक सीएल, म्हणजे किरकोळ रजा, जाते. साखरपुड्याला उशीर झाला तर काय जातं? फार तर "या, आता आलात!" एवढं ऐकून घ्यायचं आणि ताट घ्यायचं.

याच पानावर वर कुणीतरी लिहिलंय की आपल्या रक्तातच वेळेची किंमत नाही. हे मला अजिबात पटत नाही. आपल्या पंचांगात २४ मिनिटांची घटिका आणि तिचीही ६० पळं, म्हणजे एक पळ २४ सेकंदांचं. लग्नात घटिकापात्र असायचं: बुडाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटिका झाली. आणि १ जानेवारी १९०६ला सरकारने ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ लागू केली तेव्हा याच मुंबईने रान उठवलं होतं. शहराची स्वतःची वेळ त्याहून ३९ मिनिटं मागे. गिरणी कामगार चिडले, कारण घड्याळ पुढे गेलं तरी सूर्य काही लवकर उगवणार नव्हता. महापालिकेने तर आपली घड्याळं मुंबई टाइमवरच ठेवली, ती थेट स्वातंत्र्यानंतरपर्यंत. ज्यांना वेळेचं सोयरसुतक नाही ते ३९ मिनिटांसाठी इतकी वर्षं भांडतील का?

आता पत्रिकेवर मुहूर्त १२ वाजून ३७ मिनिटं असा छापतात आणि १२ वाजून ३७ मिनिटांनी नवरदेव बँडपुढे मित्रांच्या खांद्यावर असतो. गुरुजी मनगटाकडे बघतात, मुलीचे मामा दारापर्यंत दोन फेऱ्या मारून येतात. तरी कुणी काही बोलत नाही, कारण वरपक्षाला कोण सुनावणार! माझ्या मते उशिराचं खरं मूळ इथे आहे. ज्याला ताटकळत ठेवायची सोय आहे तो ठेवतो. कार्यक्रमाचा प्रमुख पाहुणा जितका मोठा, तितका दीपप्रज्वलनाला उशीर. कार्यकर्ते मात्र दोन तास आधी सतरंज्या घालत असतात.

सर्वात गमतीचा उशीर आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचा. नोटिशीतच छापलेलं असतं की गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) न झाल्यास सभा अर्ध्या तासासाठी तहकूब करून त्याच जागी घेतली जाईल आणि तिला गणपूर्तीचं बंधन राहणार नाही. म्हणजे दहाची सभा साडेदहाला, हे सगळ्यांना तोंडपाठ. दहाला खाली सेक्रेटरी आणि दोन आजोबा. सेक्रेटरी रीतसर सभा तहकूब करतात, आजोबा पेपर उघडतात, आणि दहा पंचवीसला लिफ्टपाशी रांग लागते. साडेदहाला सभा सुरू! याला बेशिस्त कसं म्हणायचं?

तुमच्यापुरतं सांगायचं तर नाटकाला तिसऱ्या घंटेच्या आत बसा. पत्रिकेवर "सायं. ७ ते १०" असेल तर साडेआठला गेलात तरी कुणी नाव ठेवणार नाही. हळदीला मात्र दिलेल्या वेळेवर जाऊ नका, घरची माणसं अजून अंघोळीला गेलेली असतात आणि तुमच्या हातात नारळ सोलायला देतात.