परतीचा पहिला क्लास : आधी बोलायचा सराव

प्रश्न : नऊ वर्षं मी स्टेप एरोबिक्सचे, म्हणजे संगीताच्या ठेक्यावर बुटक्या प्लॅटफॉर्मवर चढ-उतार करायच्या व्यायामाचे, क्लास घेत होते. घोट्याचं लिगामेंट फाटलं आणि चौदा महिने सगळं बंद पडलं. आता डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट दोघांनीही क्लास घ्यायला परवानगी दिली आहे. सहा आठवड्यांनी पहिला क्लास आहे. पण घरी दहा मिनिटांतच धाप लागते, पुढची स्टेप आठवत नाही. जुन्या सगळ्या जणी येणार आहेत. त्यांच्यासमोर उभं राहायचा धीर होत नाही. तयारी कशी करू?

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि मला माझा परतीचा पहिला क्लास आठवला. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर अकरा महिन्यांनी मी उभी राहिले होते. पाय छान साथ देत होते, तीन महिने त्यांच्यावरच मेहनत घेतली होती. पण तिसऱ्या गाण्याला श्वास पुरेना. ‘उजवा गुडघा वर’ म्हणायला जावं तर ‘उजवा’पाशीच दम संपायचा. तोवर ठेका पुढे गेलेला आणि समोरच्या निम्म्या जणी एकीकडे, निम्म्या दुसरीकडे. घरी रोज व्यायाम केला होता, पण तोंड मिटून. बोलत बोलत एकदाही केला नव्हता.

म्हणून तुम्ही आवाजापासून सुरुवात करा. पहिला आठवडा खुर्चीत बसूनच. संगीत लावा, मांडीवर ठेका धरा आणि फक्त सूचना म्हणा. बत्तीस मात्रांचा तुकडा म्हणजे चार वेळा आठ, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. शेवटच्या आठात उलटं मोजायचं, ‘चार, तीन, दोन, ग्रेपवाइन’ (पाय आडवे टाकत बाजूला जायची स्टेप), आणि नवा तुकडा सुरू व्हायच्या आत शब्द संपलेला हवा. दुसऱ्या आठवड्यात हेच जागच्या जागी मार्च करत. त्यानंतर प्लॅटफॉर्मवर चढ-उतार करत. दर वेळी मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका: सूचना ठेक्याच्या आधी पोचते की मागून धावते? क्लासकडे तोंड करून शिकवत असाल, तर स्वतःचा डावा पाय उचलताना ‘उजवा’ म्हणायची सवयही मोडलेली असते. तीही याच सरावात परत येते. स्टेप आठवत नाहीत म्हणता ना? माझा अनुभव असा की जीभ ठेक्यावर आली की पायांनाही आठवायला लागतं.

धाप लागते याचं वाईट वाटून घेऊ नका. व्यायाम थांबला की दोन-चार आठवड्यांतच दम कमी व्हायला लागतो, तुमचे तर चौदा महिने गेले आहेत. ताकद त्यापेक्षा जास्त टिकते. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. दम आणि स्नायू लवकर सावरतात, पण हाडाला हाड जोडणारं लिगामेंट आणि स्नायूला हाडाशी जोडणारे स्नायुबंध सावकाश तयार होतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तुम्हाला एकदम जुन्यासारखं वाटेल, उडी माराविशी वाटेल. तेव्हाच आवरा. प्लॅटफॉर्म सगळ्यात कमी उंचीवर, म्हणजे चार इंचांवर ठेवा. संगीत मिनिटाला १२० ठोक्यांच्या आसपास असू द्या, १२८च्या वर जाऊच नका. रोज एका पायावर तोल सांभाळायचा सराव करा, फिजिओथेरपिस्टनी तो शिकवला असेलच. सरावाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घोटा सुजलेला दिसला, तर आदल्या दिवशीचं प्रमाण जास्त झालं असं समजा, कमी करा आणि त्यांना दाखवा.

स्टेप एरोबिक्सचा जन्मच एका दुखापतीतून झाला, हे मी माझ्या त्या दिवसांत वारंवार आठवत असे. अमेरिकेतल्या जिन मिलर या प्रशिक्षिकेचा गुडघा दुखावला होता. तो बरा व्हावा म्हणून त्या चढ-उतार करत होत्या, त्यातूनच १९८०च्या दशकाच्या अखेरीस हा प्रकार उभा राहिला.

पहिल्या क्लासला जुनी अवघड कोरिओग्राफी काढू नका. बेसिक स्टेप (साधी चढ-उतार), व्ही-स्टेप (पाय फाकून V आकारात चढणं), नी-लिफ्ट (चढून गुडघा उचलणं) एवढ्यावर तीन तुकडे बसवा आणि ते झोपेतही म्हणता येतील इतके पक्के करा. आणि सगळं स्वतः करू नका. चार वेळा करून दाखवा, मग खाली उतरा आणि ओळींमधून फिरा. कुणाची टाच प्लॅटफॉर्मच्या बाहेर लटकते आहे, कुणाचा गुडघा आत वळतो आहे, हे खाली उतरल्यावरच दिसतं. आपण तिथे इतरांकडून व्यायाम करून घ्यायला उभ्या असतो.

माइक असेल तर वापराच. नसेल तर संगीत कमी करा, आवाज चढवू नका. सीपीआरच्या (हृदय बंद पडलं तर छाती दाबून द्यायच्या प्रथमोपचाराच्या) प्रमाणपत्राची मुदतही आजच तपासा. ती बहुधा दोनच वर्षांची असते आणि मधल्या काळात संपून गेलेली असू शकते. पहिले दोन आठवडे आठवड्याला एकच क्लास घ्या, कुणी कितीही आग्रह केला तरी.

आता जुन्या मैत्रिणींचं. मी गुडघ्याबद्दल कुणाला काही सांगितलं नव्हतं. क्लासनंतर एक जण थांबली आणि हळूच म्हणाली, “मॅडम, आमचं काही चुकलं का? आज तुम्ही बोललाच नाहीत आमच्याशी.” मी दम वाचवत होते आणि तिला तो राग वाटला होता. तेव्हा तुम्ही वॉर्म-अपच्या आधीच सांगून टाका: “घोटा बरा आहे, पण महिनाभर मी उड्या मारणार नाही. तुम्ही मारा, मी मोजते.” मग जिच्या स्टेप पक्क्या आहेत अशा एखादीला पहिल्या ओळीत मधोमध उभं करा. तुम्ही खाली उतरलात की बाकीच्या तिच्याकडे बघून करतील.