आमदार म्हणतात राज्य कर्जात बुडतंय. हे खरं की नुसतं राजकारण, कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा: ठाण्यातल्या सभेत विरोधी आमदारांनी "सरकारची उधळपट्टी चालू आहे, राज्य दिवाळखोरीत निघेल" असं सांगितलं, त्यात तथ्य किती आणि ठाणेकरांना त्याची झळ कुठे?

दिवाळखोरी हा शब्द आधी बाजूला ठेवा. राज्य सरकारला दिवाळखोर ठरवायची तरतूद आपल्या कायद्यात नाही. एकूण कर्जाच्या आकड्यालाही सभेत टाळ्या पडतात, पण त्यावर मंत्र्यांचं उत्तर तयार असतं. 2025-26 च्या अर्थसंकल्पात कर्जाचा अंदाज 9.32 लाख कोटी होता, म्हणजे स्थूल राज्य उत्पन्नाच्या (राज्याच्या अर्थव्यवस्थेचं वर्षाचं एकूण उत्पन्न, सरकारची कमाई नव्हे) 18.87 टक्के, मर्यादा 25 टक्के. राजकोषीय तूट, म्हणजे वर्षभरात कर्ज काढून भागवायची रक्कम, 1,36,235 कोटी, म्हणजे 2.76 टक्के, मर्यादा 3 टक्के. दोन्ही मर्यादेत. इथे आमदार हरतात.

मी आधी महसुली तूट बघतो, म्हणजे नेहमीच्या चालू खर्चाला नेहमीची कमाई किती कमी पडते ते. त्याच अर्थसंकल्पात महसुली जमा 5,60,964 कोटी, महसुली खर्च 6,06,855 कोटी, तूट 45,891 कोटी. आता हिला राजकोषीय तुटीने भागा: साधारण एक तृतीयांश. म्हणजे उसन्या घेतलेल्या प्रत्येक तीन रुपयांतला एक रुपया रस्ता-धरणात न जाता पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं यांत जातो. पगार, पेन्शन आणि व्याज या तिघांनीच महसुली जमेतले निम्म्याहून जास्त पैसे आधीच अडवलेले असतात, त्यामुळे नवी योजना आली की कात्री भांडवली, म्हणजे रस्ता-धरणासारख्या, कामांवर चालते. आमदारांनी हा आकडा सांगितला असेल तर इशारा गंभीरपणे घ्या.

दुसरी जागा पुरवणी मागण्यांची. राज्यघटनेच्या कलम 205 नुसार वर्षाच्या मध्ये जादा खर्च मंजूर करून घेता येतो. सोय अनपेक्षित गरजेसाठी आहे. पण 28 जून 2024 ला अर्थसंकल्प मांडला आणि त्याच अधिवेशनात 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. दोन आठवड्यांत एवढं काय अनपेक्षित घडलं, हा प्रश्न कुठल्याही पक्षाच्या आमदाराने विचारावा असाच आहे. मात्र इथे विरोधकही एक चलाखी करतात: ढोबळ आकडा सांगतात. मागण्यांत केंद्राकडून येणारी रक्कम आणि नुसत्या हिशेबी नोंदी असतात. जुलै 2025 च्या मागण्या 57,509 कोटींच्या होत्या, निव्वळ भार सुमारे 40,644 कोटी. पुस्तिकेत निव्वळ भार वेगळा दिलेला असतो, तोच धरा.

तुटीत न दिसणारा भाग मात्र जास्त काळजीचा. सरकारी हिशेब रोखीवर चालतो. ठेकेदाराचं काम झालं, बिल सादर झालं, पण पैसे 31 मार्चपर्यंत दिले नाहीत, तर त्या वर्षाचा खर्च शून्य. तूट आटोक्यात राहते आणि बोजा पुढच्या वर्षावर सरकतो. मार्चअखेर तूट छान कमी दिसली तर थकीत बिलं किती, हे विचारल्याशिवाय खूश होऊ नये. तसंच ठाणे-बोरिवली जुळा बोगदा, मेट्रो 4 ही कामं एमएमआरडीएची, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची. तिने घेतलेलं कर्ज तिच्या वहीत. राज्याने हमी दिली असेल तर ती हमींच्या तक्त्यात सापडते, तुटीत नाही.

ठाण्याला झळ लागते ती अनुदानांतून. जकात आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेल्यावर महापालिकांना राज्याकडून जीएसटी भरपाई मिळते, पायाभूत वर्ष 2016-17 आणि दरसाल 8 टक्के वाढ. ती कायद्याने बांधलेली, त्यामुळे सहसा शाबूत. रस्ते, तलाव, नाट्यगृह यांसाठीच्या विशेष निधीला असं कवच नाही. निधी "मंजूर" झाल्याचे फलक लागतात, वितरण हप्त्याने होतं आणि तिजोरी आखडली की पुढचा हप्ता अडतो. आमदारांना भेटाल तेव्हा मंजूर रक्कम विचारू नका, वितरित किती झाली ते विचारा.

स्वतः तपासायचं असेल तर कॅगच्या (सरकारी हिशेब तपासणारे महालेखापरीक्षक) संकेतस्थळावर राज्याचे मासिक मुख्य निर्देशांक असतात: जमा, खर्च, तूट, अर्थसंकल्पी अंदाजाच्या किती टक्के. डिसेंबरअखेर भांडवली खर्च अंदाजाच्या निम्म्यावरही नसेल, तर कात्री कुठे चालली ते तिथेच कळतं.