अमायलिन, अमायलेज आणि न फिरलेलं जातं

प्रश्न आला आहे: ‘अमायलेज’ आणि मधुमेहातलं ‘अमायलिन’ एकच का? नाही. रिपोर्ट हातात घेऊन ‘माझं अमायलिन वाढलंय’ म्हणणारे हल्ली फार भेटतात. वाढलेलं असतं ते अमायलेज. ते पिष्ट (स्टार्च) फोडणारं विकर (एन्झाइम) आहे आणि स्वादुपिंडाला अचानक सूज आली की रक्तात नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिप्पटीवर जातं. अमायलिन हे संप्रेरक (हार्मोन) आहे, 37 अमिनो आम्लांचं, इन्सुलिनसोबत स्वादुपिंडातल्या बीटा पेशींतूनच सुटणारं.

नावाची गंमत मात्र खरी आहे. दोन्हींच्या मुळाशी ग्रीक ‘अमुलॉन’: ‘अ’ म्हणजे आपलाच नकार आणि ‘मुले’ म्हणजे जातं. जात्याशिवाय केलेलं ते अमुलॉन, असं प्राचीन रोमन लेखक प्लिनीनेही लिहून ठेवलंय. गहू भिजवायचा, पाणी बदलत राहायचं, कुस्करून गाळायचा, निवळी ओतून तळाचा साका घ्यायचा. म्हणजे कुरडईचा चीकच की! या नावाचं ‘अम्ला’शी नातं जोडणाऱ्यांनी एकदा चीक करून पाहावा, मग बोलावं.

आता पिष्टाचं नाव संप्रेरकाला कसं चिकटलं? 1854 मध्ये जर्मन डॉक्टर फिर्खोने मेंदूतल्या कणांवर आयोडीन टाकलं, रंग पिष्टासारखा आला, म्हणून त्याने ‘अमायलॉइड’ म्हणजे पिष्टासारखं म्हटलं. 1859 मध्ये फ्रीडराइख आणि केकुले यांनी अशा साक्यात पिष्ट नसून प्रथिन असल्याचं दाखवलं, तरी नाव टिकलं. मधुमेहींच्या स्वादुपिंडातल्या तसल्याच साक्यातून 1987 साली ही 37 अमिनो आम्लांची साखळी हाती लागली आणि ‘अमायलिन’ झाली. काही पंडितांना हे नाव खपत नाही, त्यांना ‘आयएपीपी’ (आयलेट अमायलॉइड पॉलिपेप्टाइड) हवं. त्यातला ‘ए’ अमायलॉइडचाच, मग फिर्खोची चूक गेली कुठे?

मधुमेहाचं म्हणाल तर अमायलिन जठर सावकाश रिकामं करतं, जेवणानंतरचं ग्लुकागॉन (साखर वाढवणारं संप्रेरक) दाबतं, पोट भरल्याची जाणीव देतं. टाइप 1 मध्ये ते जवळजवळ नसतंच. टाइप 2 मध्ये आधी जास्त सुटतं, त्याचे तंतू स्वादुपिंडातल्या बीटा पेशींच्या पुंजक्यांत, म्हणजे ‘बेटांत’ साचतात, पुढे ते घटतं. उंदराच्या अमायलिनमध्ये मोक्याच्या जागी प्रोलीन हे अमिनो आम्ल असल्याने तंतू होत नाहीत. तेच उसनं घेऊन माणसाच्या अमायलिनमध्ये 25, 28 आणि 29 या जागी प्रोलीन बसवलं, ते प्रॅमलिनटाइड हे औषध. 2005 मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. त्याचं द्रावण आम्लधर्मी, म्हणून इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये मिसळायचं नाही. सुरुवातीला जेवणाआधीचं इन्सुलिन निम्म्यावर आणावं लागतं, नाहीतर तीन तासांच्या आत साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते.