पणजीतलं जुनं घर पाडलं गेलं. तिथे पूर्वी कोण राहत होतं हे आता कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की पणजीच्या मळा या भागाजवळ आजोबांचं भाड्याचं बिऱ्हाड होतं, ते घर पाडून आता तिथे फ्लॅट उभे राहिलेत आणि समोरच्या घरातल्या एक काकू तेवढ्या ओळखीच्या उरल्यात. घर कुणाचं होतं, त्यात कोण कोण राहून गेलं, हे कळेल का? नक्की कळेल. मळ्यातल्याच एका पाडलेल्या घराचा असा माग मी काढला आहे. मालक कागदांत सापडतो. भाडेकरू मात्र कागदांत फार थोडे सापडतात, त्यांच्यासाठी माणसांकडे जावं लागतं.

आधी जागेचा चलता नंबर आणि पी. टी. शीट नंबर, म्हणजे शहराच्या मोजणीतले त्या जागेचे आकडे, मिळवा. घर गेलं तरी जमीन तीच असल्यामुळे नव्या इमारतीतल्या फ्लॅटच्या विक्रीखतात, शेवटच्या परिशिष्टात, हे आकडे असतात. एखाद्या फ्लॅटवाल्याला विनंती केलीत तर तो दाखवेल. त्यावरून सिटी सर्व्हेचा 'फॉर्म डी', म्हणजे जागेच्या मालकीचा उतारा, निघतो, पण तो तुम्हाला गोवा मुक्तीनंतरच्या मोजणीच्या मागे नेत नाही. त्याच परिशिष्टात पुढे 'देस्क्रिसांव' क्रमांक, बुक बी आणि पान असं काही लिहिलेलं दिसलं, तर ते जपून उतरवून घ्या. पोर्तुगीज काळातल्या जमीन नोंदणीच्या पुस्तकाचा तो पत्ता आहे. त्या नोंदीत मालमत्तेचं वर्णन आणि चारी दिशांच्या सीमा असतात. जोडीच्या 'इन्स्क्रिसांव'मध्ये मालकी कुणाकडे आणि कशी आली ते असतं. मी पाहिलेल्या नोंदीत उत्तरेला एका सोनाराचं घर होतं आणि पूर्वेला सार्वजनिक वाट. आज तिथे नुसतं पार्किंग आहे, पण त्या दोन ओळींवरून मला आख्खी आळी मांडता आली.

मालकाच्या घराण्याची खरी माहिती मिळते ती कोर्टातल्या इन्व्हेंटरीत. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे गोव्यात मुलींनाही वारसा मिळत आला. त्यामुळे माणूस वारल्यावर वाटणीसाठी जी इन्व्हेंटरी होते, तिच्यात विधवा, मुलगे, मुली, जावई असे सगळे नावानिशी येतात आणि मालमत्तेची यादीही असते. मुलींची सासरची नावं मिळाली की आजचे वंशज गाठणं सोपं जातं. मला घराचा एकुलता फोटो अशाच एका मुलीच्या नातवाकडे मिळाला. जुने कागद पोर्तुगीजमध्ये, बहुधा हाताने लिहिलेले. लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या माध्यमिक शाळेत, शिकलेलं कुणी ज्येष्ठ ओळखीत असेल तर सोबत न्या. नावं शोधताना कामत 'कामोतीं', प्रभू 'पोरोबो', शेणवी 'सिनाय' असं लिहिलेलं असेल हे ध्यानात असू द्या. रस्त्यांचंही तसंच. राममनोहर लोहियांच्या १९४६ च्या सभेची आठवण ठेवणारं '१८ जून रस्ता' हे नाव मुक्तीनंतरचं, ते पोर्तुगीज कागदांत शोधून मिळणार नाही.

आता भाडेकरू. घर भरलेलं होतं ते त्यांच्यामुळे, आणि वरच्या नोंदींत शोधायला जाल तर त्यांचा पत्ता लागणं कठीण. नागरी नोंदणी गोव्यात १९१४ पासून आहे. आजोबांच्या मुलांपैकी कुणाचा जन्म त्या घरात झाला असेल तर त्या जन्मनोंदीचा 'तेओर', म्हणजे पूर्ण उतारा, काढा, त्यात आईवडिलांबरोबर आजीआजोबांची नावंही मिळतात. गोव्यातली पहिली विधानसभा निवडणूक डिसेंबर १९६३ ची. तेव्हापासूनच्या जुन्या मतदार याद्या मिळाल्या तर एका घर क्रमांकाखालची सगळी बिऱ्हाडं एकत्र दिसतात. घरमालक आणि भाडेकरू यांच्यात १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली दावा झाला असेल, तर त्या फाइलीत भाडेपावत्या आणि खोल्यांचा नकाशासुद्धा असू शकतो. भांडणाची फाइल आहे म्हणून ती टाळू नका.

पण सगळ्यांत जास्त मला दिलं ते शेजाऱ्यांनी. 'इथे कोण राहायचं?' असं विचारलं की दोन नावं येतात आणि बोलणं थांबतं. चतुर्थीचं विचारा. गणपती कुठल्या खोलीत बसायचा, गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची माटोळी कोण बांधायचं, आरतीला खालच्या बिऱ्हाडातून कोण यायचं, विहिरीचं पाणी कुणाकुणाला होतं? मग दर्जी आठवतो, पोस्टातला कारकून आठवतो, सोप्यावर मुलांना मराठी शिकवणारे मास्तर आठवतात. ही नावं मला कुठल्याही कचेरीत मिळाली नव्हती. प्रत्येक कुटुंबाचा देव कुठला, हेही विचारून घ्या. आडनाव विसरलेली माणसंही 'ते मंगेशीचे', 'ते म्हाळशेचे' एवढं सांगतात, आणि त्या देवस्थानच्या महाजनांच्या, म्हणजे पिढीजात सभासदांच्या, यादीवरून पुढचा तपास करता येतो. पसरकाराकडे, म्हणजे किराणा दुकानदाराकडे, उधारीची जुनी वही असेल तर तीही बघा. मात्र हयात कुटुंबांच्या घरगुती गोष्टी त्यांना न विचारता कुठे छापू नका.

पुस्तकं आणि फाइली वर्षभरानेही बघता येतील. समोरच्या काकूंकडे मात्र याच चतुर्थीला जा, आजोबांचा फोटो बरोबर न्या, आणि त्या हो म्हणाल्या तर बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. देस्क्रिसांवची प्रत हाती आली आणि सीमा लागत नसल्या तर मला सांगा, मी वाचून देईन.