आर्थिक इतिहासाच्या प्राध्यापकाने राजकारणात यायचे तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न दोन भागांत आहे: विद्यापीठात आर्थिक इतिहास शिकवणाऱ्याला राजकारणात या विषयाचा काही उपयोग होतो का, आणि उतरायचे ठरलेच तर पहिले पाऊल कोणते. माझे मत स्पष्ट आहे. उपयोग होतो, भरपूर होतो. पण निवडणुकीच्या आधी काही वर्षे एखादी संस्था प्रत्यक्ष चालवून दाखवली असेल तर.

आपल्याकडचे सगळ्यात मोठे उदाहरण धनंजयराव गाडगीळांचे. केंब्रिजमधल्या प्रबंधावर आधारलेले भारताच्या औद्योगिक स्थित्यंतरावरचे त्यांचे पुस्तक 1924 साली निघाले आणि 1930 साली ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले. तिथून ते थेट दिल्लीला गेले नाहीत. वाई तालुक्यातल्या शेतीची, पुणे शहरातल्या कुटुंबांची पाहणी करून आकडे गोळा केले. 1945 साली शेतीकर्जाच्या समितीचे अध्यक्षपद सांभाळले. मग विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा केला आणि त्याचे अध्यक्ष म्हणून पहिली वर्षे काढली. पहिले गाळप 1950-51 च्या हंगामातले. कर्जाचा इतिहास लिहिणे वेगळे आणि शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करून, सरकारला पटवून, कर्ज मिळवून गव्हाणीत ऊस टाकणे वेगळे. 1966 साली ते राज्यसभेवर राष्ट्रपतिनियुक्त सदस्य झाले आणि 1967 साली नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष, तेव्हा त्यांच्यामागे हे सगळे काम होते.

त्या पदावरून त्यांनी केलेली सर्वात टिकाऊ गोष्ट म्हणजे ‘गाडगीळ सूत्र’, म्हणजे केंद्राची मदत राज्यांत वाटण्याचा ठरावीक नियम. त्याआधी केंद्राची मदत योजनेगणिक मिळे. ज्या राज्याची आपला वाटा घालण्याची ऐपत आणि दिल्लीत वजन जास्त, त्याची सरशी. चौथ्या पंचवार्षिक योजनेपासून (1969-74) आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीरची गरज आधी बाजूला काढली गेली. उरलेल्या रकमेतले 60 टक्के लोकसंख्येवर, 10 टक्के दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीहून कमी असलेल्या राज्यांना, 10 टक्के करवसुलीच्या प्रयत्नावर, 10 टक्के चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांना आणि 10 टक्के राज्यांच्या खास अडचणींसाठी. इतर राज्यांना या मदतीतले 30 टक्के अनुदान, 70 टक्के कर्ज.

यातले शेवटचे दोन दहा-दहा टक्के नीट पाहा. शास्त्रशुद्धता हवी असती तर ते ठेवण्याचे कारण नव्हते. पण मुख्यमंत्र्यांची संमती मिळाल्याशिवाय सूत्र कागदावरच राहिले असते. घासाघीस पाचव्या हिश्श्यापुरती ठेवून बाकीचा मोठा भाग नियमाने बांधला, हीच मला त्यातली राजकीय समज वाटते. दोष होताच: पाटबंधाऱ्यांचा निकष आधीच मोठे प्रकल्प सुरू करू शकलेल्या राज्यांच्या पथ्यावर पडे. 1980 साली तो काढून ते 10 टक्के दरडोई उत्पन्नाच्या निकषात मिळवले.

उलट उदाहरण ब्रिटनचे. क्वासी क्वार्टेंग यांची डॉक्टरेट 1690 च्या दशकात जुनी नाणी वितळवून नवी पाडताना आलेल्या संकटावर, म्हणजे पैशावरचा विश्वास डळमळतो त्याच विषयावर. 2010 साली खासदार, सप्टेंबर 2022 मध्ये अर्थमंत्री. 23 सप्टेंबरला सुमारे 45 अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. पैसा कुठून येणार ते सांगितले नाही आणि सोबत स्वतंत्र अंदाजपत्रक कार्यालयाचे भाकीतही नव्हते. सरकारी रोख्यांचे व्याजदर उसळले, पेन्शन फंड अडचणीत आले, 28 तारखेला बँक ऑफ इंग्लंडला रोखे खरेदीसाठी उतरावे लागले. 38 दिवसांत पद गेले. ज्ञान कमी नव्हते. पडताळणी करणारी यंत्रणाच बाजूला सारली गेली.

आता तुमच्यापुरते. महाराष्ट्रात प्राध्यापकाला सोयीचा दरवाजा विधान परिषदेच्या पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघाचा; दोन्हींच्या प्रत्येकी 7 जागा, मुदत 6 वर्षे, वयाची अट 30. शासकीय महाविद्यालयात असाल तर लाभाच्या पदाचा (सरकारी पगाराचे पद असताना उमेदवारी अपात्र ठरण्याचा) मुद्दा निघतो, म्हणून राजीनामा मंजूर झाल्याचे पत्र अर्जांच्या छाननीआधी हातात हवे. नुसता दिलेला राजीनामा पुरत नाही. विद्यापीठात किंवा अनुदानित महाविद्यालयात असाल तर तिथले नियम काय म्हणतात ते आधी लेखी विचारून घ्या.

बहुतेक उमेदवार मतदारनोंदणीत मागे पडतात. या मतदारसंघांची यादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते; मागच्या वेळी नाव होते म्हणून आपोआप राहत नाही. पदवीधरासाठी नमुना 18, शिक्षकासाठी नमुना 19. 1 नोव्हेंबर ही अर्हता तारीख धरून त्याआधी किमान 3 वर्षे पदवी मिळालेली असावी लागते. शिक्षकाने आधीच्या 6 वर्षांत किमान 3 वर्षे माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवलेले असावे. कार्यकर्त्याने गठ्ठ्याने आणून दिलेले अर्ज घेत नाहीत; संस्थाप्रमुख मात्र आपल्या पात्र कर्मचाऱ्यांचे एकत्र पाठवू शकतो. म्हणजे सभांआधी मुख्याध्यापक आणि प्राचार्यांच्या भेटी घ्यायच्या.

मतदान पसंतिक्रमाने, म्हणजे उमेदवारांच्या नावांपुढे 1, 2, 3 असे आकडे लिहून. एका जागेसाठी वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त हा जिंकण्याचा कोटा. 60,000 वैध मते असतील तर 30,001. पहिल्या फेरीत कोणी तिथे पोचले नाही तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मते दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटली जातात. म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या मतदाराकडेही दुसरी पसंती मागावी, त्यात कमीपणा नाही. शिकलेल्या मतदारांचीही मते इथे बाद होतात: बरोबरची खूण केली, ‘एक’ अक्षरात लिहिले, सही ठोकली, स्वतःचे पेन वापरले किंवा 1 हा आकडा दोघांपुढे घातला की मत गेले. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेननेच फक्त आकडा लिहायचा, हे प्रचारपत्रकाच्या पहिल्याच पानावर छापा.