१९२२ चा ‘नोस्फेरातू’ आज बघून भीती वाटते का?
शंभर वर्षं जुन्या मूकपटाला आज कोण घाबरणार, असं विचारलंय. मी घाबरतो, आणि दर वेळी त्याच जागी. सिनेमातला रक्त पिणारा व्हॅम्पायर, काउंट ऑरलॉक, जिना चढतो तेव्हा तो स्वतः दिसतच नाही. दिसते ती भिंतीवरची सावली: वाकलेली पाठ, लांबलचक नखं आणि दाराकडे सरकणारा हात. रक्ताचा थेंबही न दाखवता घशाला कोरड पडते.

दिग्दर्शक मुर्नाऊने बरंचसं चित्रीकरण खऱ्या जागी केलं. जर्मनीतल्या विस्मार शहराचे रस्ते, स्लोव्हाकियातला ओराव्हाचा किल्ला. मॅक्स श्रेक या नटाचा ऑरलॉक देखणा उमराव नाहीच. उंदरासारखे पुढचे दात असलेला, शहरात प्लेग घेऊन येणारा जीव आहे तो. आणि उन्हाने व्हॅम्पायर मरतो ही कल्पना याच सिनेमाने रुजवली. ज्यावर हा सिनेमा बेतलाय त्या ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीत ड्रॅक्युला दिवसाही फिरतो!

त्या कादंबरीचे हक्क न घेतल्यामुळे स्टोकरच्या पत्नीने दावा लावला, कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितलं. काही वाचल्या, हे आपलं नशीब. रात्री बघा, मोबाइल लांब ठेवून, दिवे मालवून.